सिबियूतली शीळ

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, माझं काही जात नाही. सांडाला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, "सांग. आणि त्याचं खरं नाव घेऊन सांग. मिरवायची फार हौस होती त्याला."

तर नाव ऑरेल. सांडाचा नवरा.

गेल्या ऑक्टोबरातला शुक्रवार. जागा सिबियू. खालच्या पेठेतलं, खोल्या भाड्यानं देणाऱ्या हानेलोरेबाईंचं जुनं घर, वरच्या मजल्यावरची खोली. दिवेलागणीची वेळ. खोलीत आम्ही दोघीच. मी मिओरा, आणि शाळेपासूनची माझी मैत्रीण सांडा. दोघी क्रायोव्हाच्या, शेजारशेजारच्या गल्ल्यांतल्या.

सांडाला लग्न झाल्यापासून सिबियू बघायचं होतं. काही सातासमुद्रापार नाही. सकाळी गाडीत बसलं की संध्याकाळच्या आत पोचतो. दरवर्षी ती विषय काढायची. दरवर्षी ऑरेल म्हणायचा, "काय आहे तिथं? जुने दगड. दगड आपल्या अंगणात काय कमी आहेत?"

झालं. विषय संपला.

तो स्वतः मात्र पाण्याचे पंप बसवायच्या कामासाठी देशभर फिरायचा.

आणखी एक सांगते. ऑरेल बायकोला कधी नावानं हाक मारत नसे. शीळ घालायचा. दातांतून. आधी खालचा सूर, मग वरचा. कुत्र्याला बोलावतात ना, अगदी तशी. आणि सांडा हातातलं टाकून धावायची. चुलीवर दूध असो, डोक्याला साबण असो. मी कितीदा म्हटलं, "अगं, तू बायको आहेस की बकरी?" ती नुसती हसायची. ते हसणं बघून मला रडू यायचं.

सप्टेंबरात ऑरेल गेला. बसल्या जागी, हृदय बंद पडून.

आमच्याकडे माणूस गेला की चाळीस दिवस त्याचा जीव फिरत असतो. जगताना ज्या ज्या वाटांनी गेला, त्याच वाटांनी. नव्या जागी तो जात नाही. म्हणून खिडकीत पाण्याचा पेला आणि पाव ठेवायचा. आला, प्यायला, पुढं गेला. तेवढे दिवस विधवेनं घर सोडायचं नाही, अशी रीत.

चाळीस दिवस व्हायच्या आतच सांडा निघाली.

सासू दारात आडवी उभी राहिली. "तो घरी आला आणि तू नसलीस तर? शोधत येईल तुझ्यामागं. हाताला धरून परत आणील!"

"वीस वर्षं त्याला पाणी मी दिलं, सासूबाई," सांडा म्हणाली. "आता चार दिवस तुम्ही द्या."

शाब्बास! मला तिला उचलून नाचावंसं वाटलं. पण मनात धाकधूकही होती. ही अर्ध्यातून घाबरून परतली, तर पुन्हा या जन्मात उंबरा ओलांडणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी ठरवलंच होतं... आभाळ कोसळलं तरी रविवारपर्यंत हिला परत जाऊ द्यायचं नाही.

आणि पहिल्याच संध्याकाळी बाईसाहेबांनी काय करावं?

हानेलोरेबाईंकडून पेला मागून आणला. पाण्यानं भरला. पावाचा तुकडा घेतला. दोन्ही खिडकीत मांडलं.

"सांडा! हे घरी करायचं असतं. परक्या गावात पाणी ठेवतेस? अगं, पत्ता देतेयस तू त्याला!"

"राहू दे गं. तहानलेला नको राहायला."

वीस वर्षांची सवय. खिडकी मात्र मी स्वतः लावली. कडी घातली. कडी हलवून पाहिली.

सकाळी उठलो.

खिडकी बंद होती. कडी जागेवर.

पेला... अर्धा झाला होता.

पावाला चावा होता. उजव्या बाजूनं. ऑरेलचे डावीकडचे दात पडलेले होते.

सांडाचा चेहरा पांढराफटक. ती बॅगेत कपडे कोंबायला लागली. मी बॅग हिसकावली, कपाटावर फेकली. "उंदीर असेल."

"उंदीर पाणी पितो पेल्यातून?"

"सिबियूतले पित असतील. चल, चपला घाल. गाव बघायचंय."

बाहेर छान ऊन पडलं होतं. छपरातल्या खिडक्या डोळ्यांसारख्या रोखून बघणारी ती घरं, दगडी जिने, शनिवारचा बाजार. सांडा हळूहळू सैलावली. मधाच्या बरण्या उचलून बघायला लागली, भाव करायला लागली. आम्ही जिना चढून वरच्या पेठेत आलो. समोर तो लोखंडी पूल. खोटारड्या माणसानं पाय ठेवला की कोसळतो म्हणतात तो.

तेवढ्यात...

शीळ.

आधी खालचा सूर. मग वरचा.

मी ऐकली. शपथेवर सांगते, मी ऐकली.

आणि सांडा चालू लागली. बोलली नाही, वळून पाहिलं नाही. मान खाली आणि पाय झपाझप. मी हात धरला तर मलाच ओढत निघाली. पुलावरून. गर्दीतून. चौकातून.

शीळ पुन्हा आली. कमानीखालून.

मग बोळाच्या तोंडाशी.

मग कोपऱ्यापलीकडून.

माणूस कुठंच नाही. पण माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. ही शीळ आमच्या मागून येत नव्हती. पुढून येत होती. प्रत्येक वळण तिला पाठ होतं.

बोळाच्या टोकाला एक खाणावळ होती. सांडाचे पाय तिथं थांबले. आत दुपारची जेवणं चालू होती, भांड्यांचा खडखडाट, लसणाचा वास. एक म्हातारा वाढपी हसत पुढं आला.

"या, या! केव्हाची वाट बघतोय. टेबल तयार आहे तुमचं."

कोपऱ्यातलं टेबल. तीन ताटल्या. एक खुर्ची आधीच मागं सरकवलेली. त्या खुर्चीपुढं वजडीच्या आंबट सूपचा वाडगा, गरम, वाफाळता. शेजारी सिरक्याची बाटली. मिरची नाही.

ऑरेल मिरची खात नसे. सिरका मात्र दुप्पट.

"कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे? पंपवाल्या साहेबांनी! आत्ता इथंच बसले होते. म्हणाले, दोन बायका येतील." वाढप्यानं इकडंतिकडं पाहिलं. "गेले वाटतं हात धुवायला. दर शरदात येतात हो. हेच टेबल. मोठा दिलदार माणूस! मित्रांना घेऊन येतात, सगळं गाव फिरवून दाखवतात. म्हणतात, अख्ख्या देशात असं गाव नाही."

सांडा खुर्ची धरून उभी होती.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"अख्ख्या देशात असं गाव नाही."

"दर शरदात?"

"वीसएक वर्षं झाली असतील, बाई."

मला वाटलं, ही आता कोसळते. मी हात पुढं केला. सांडानं तो बाजूला सारला. तिच्या चेहऱ्यावर रक्त चढत होतं. गाल, कान, मान, सगळं लाललाल. मी तिला लहानपणापासून ओळखते, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

"जुने दगड," ती पुटपुटली. "जुने दगड काय रे, मेल्या!"

आणि ती बसली.

त्याच्या खुर्चीवर. तो सूपचा वाडगा पुढं ओढला, मूठभर मिरची मागवली, सगळी आत घातली आणि खायला लागली.

"सांडा, अगं ते मेलेल्या माणसाचं..."

"गार होतंय. तूही बस."

मी बसले. काय करणार?

मग शीळ आली.

अगदी खिडकीपाशी. बाहेरून.

वाढप्यानं हसून मान वळवली. "बघा, आलेच."

सांडाचे गुडघे टेबलाला खालून आपटत होते. मला ऐकू येत होतं. पाय उठायला बघत होते आणि ती त्यांना उठू देत नव्हती. एका हातानं टेबलाची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती. दुसऱ्या हातात चमचा.

पुन्हा शीळ. मोठी. खिडकीची तावदानं थरथरली. ग्लासातलं पाणी हललं.

"धरू तुला?"

"हात लावू नकोस."

तिसरी शीळ घुमली ती आमच्या टेबलापाशीच. माझ्या कानाशी गार श्वास आला. सिरक्याचा वास असलेला.

सांडानं चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं. आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऑरेल, मी जेवतेय."

"वीस वर्षं मला घरात बसवलंस, आणि इथं येऊन मित्रांना गाव दाखवलंस. आता मी बघणार. एकेक दगड बघणार. तू घरी जा. तुझी आई पाणी भरून बसलीय."

दार उघडलं. कुणी उघडलं, मला विचारू नका. उघडलं, आणि आपटून बंद झालं.

सांडानं वाडगा पुसून खाल्ला. वर चीजचे वडे मागवले, आंबट सायीसकट. बिल देताना वाढपी गोंधळून दाराकडं बघत होता. "साहेब जेवले नाहीत?" सांडा म्हणाली, "त्यांचं पोट भरलं."

बाहेर येऊन मी म्हटलं, "तो पूल याच्या पायाखाली दर वर्षी कोसळायला हवा होता." सांडा इतकी हसली, इतकी हसली, की तिथंच पायरीवर बसून रडली.

रविवारपर्यंत आम्ही सगळं पाहिलं. मनोरे, चर्च, तटबंदी. माझे पाय सुजले, पण ती थांबेना. शीळ आली नाही.

संध्याकाळी स्टेशनवर आलो. गाडी लागली होती. मी चढले, बॅगा वर घेतल्या. सांडानं पायरीवर पाऊल ठेवलं...

आणि शीळ आली.

डब्याच्या आतून.

सांडा थबकली. माझ्याकडं पाहिलं. माझ्या खांद्यामागं पाहिलं. तिला तिथं काय दिसलं, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. तिनं पाऊल हळूच खाली घेतलं.

"माझी बॅग दे, मिओरा."

"सांडा, वेडी झालीस? राहणार कुठं?"

"हानेलोरेबाईंना स्वयंपाकाला माणूस हवंय. कालच विचारलंय मी." मग माझ्या खांद्यावरून आत बघत, मोठ्यानं म्हणाली, "तू जा रे घरी. तुझी गाडी लागलीय."

गाडी हलली. ती फलाटावर उभी राहून हात हलवत होती. एवढं ताठ मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी डब्यात एकटी होते. म्हणजे, तिकीट माझं एकटीचं होतं. समोरची खिडकीजवळची जागा रिकामी. वाटेत कितीतरी माणसं चढली. त्या जागेपाशी यायची, बघायची, "माफ करा" म्हणायची आणि पुढं जायची.

मी त्या जागेकडं क्रायोव्हापर्यंत पाहिलं नाही. पण तोंड माझं बंद राहतं होय? गाडी थांबेपर्यंत मी त्याला मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या. मोठ्यानं.

चाळीस दिवस झाले. पाद्र्यानं प्रार्थना केली, जेवणं घातली. आता सगळं संपायला हवं होतं.

सांडा सिबियूतच आहे. जाडी झालीय. दर रविवारी नवी गल्ली शोधते आणि फोनवर मला तासभर ऐकवते.

आणि इकडं, रोज दिवेलागणीला, तिच्या घराच्या अंगणातून शीळ येते. सासू म्हणते, तिला ऐकू येत नाही. गल्लीतली कुत्री मात्र भुंकायचं सोडून आत पळतात.

मी लग्न केलेलं नाही. आयुष्यात कुणाच्या हाकेला ओ द्यायची मला सवय नाही.

पण गेल्या आठवड्यात मी अंगणात चादर वाळत घालत होते. शीळ आली. आणि शुद्धीवर आले तेव्हा चादर मातीत पडली होती, मी फाटकाशी होते आणि माझा हात कडीवर होता.

तेव्हापासून मी रोज त्याच वेळी मुद्दाम अंगणात उभी राहते. कुंपणाला घट्ट धरून. आणि ओरडून सांगते, "घाल शीळ! घसा सुकेपर्यंत घाल! इथं तुझं कुणी राहत नाही!"

माझे पाय थरथरतात.

पण मी अजून गेलेले नाही.