माऊसवरचा हात

ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण कृपा करून खाली "अँटिव्हायरस टाक" असा सल्ला देऊ नका. तेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. रविवार होता. दुपारचे अडीच. खोलीत लख्ख ऊन.

मी लोकांचे कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करतो. त्यांनी फोनवर नऊ आकडी नंबर सांगायचा, मी माझ्या खुर्चीतून त्यांच्या स्क्रीनवर शिरायचं. मग त्यांचा माऊसचा बाण माझ्या हातात. भानगड एकच. त्यांचा माऊसही चालूच असतो. त्यांनी हात काढला नाही, तर एकाच बाणाला दोघं ओढत बसतात.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, यात सगळ्यांच्या वरताण. मी बाण इकडे न्यावा, ते तिकडे. "काका, माऊसवरचा हात काढा!" हे वाक्य मी किती वेळा ओरडलो असेन, देव जाणे.

दुसरी खोड म्हणजे फोल्डरला नाव द्यायचं नाही. नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, नवीन फोल्डर तीन... स्क्रीनभर नुसता पसारा! शेवटी मीच वैतागून 'रेकॉर्डिंग' नावाचा फोल्डर करून दिला. म्हटलं, आवाजाचं जे काही असेल ते यातच टाका, दुसरीकडे कुठे नको.

पुढे काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. दोन वर्षं ते पाटीवर लिहून बोलायचे.

ऑपरेशनच्या आधी, आवाज असतानाच, त्यांनी मावशीसाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं. तिनं विचारलं की पाटीवर लिहायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे. मी गेल्यावर ऐक."

गेल्या वर्षी काका गेले.

वर्षभर मावशीला ते ऐकायचं धाडस झालं नाही. त्या रविवारी तिचा फोन आला.

"अरे, कॉम्प्युटर टकटक करतोय. यांचं बोलणं तेवढं काढून दे. मला यांचा आवाज आठवेनासा झालाय रे..."

मी म्हटलं, फोन कॉम्प्युटरच्या डब्याजवळ धर.

टक... टक... टक...

हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. जे काढायचं ते एका दमात काढायला हवं होतं. इकडेतिकडे उघडझाप केली की संपलं.

मी शिरलो. 'रेकॉर्डिंग' पकडला. माझ्याकडे कॉपी सुरू केली.

दोन टक्के. तीन टक्के.

आणि बाण सरकला...

डावीकडे. वरच्या कोपऱ्यात. 'नवीन फोल्डर सात'वर जाऊन थांबला.

"मावशी, माऊसवरचा हात काढ."

"मी कुठे लावलाय?"

मी बाण मागे आणला. तो परत गेला. मी आणला. तो गेला. फोल्डर उघडायला लागला, तशी कॉपी अडखळली. टकटक वाढली. मी घाईघाईनं ते रद्द केलं.

"मावशी, प्लीज! एकदा तरी ऐका ना माझं कुणीतरी!"

"अरे, ओरडतोस काय? मी खुर्चीतसुद्धा नाही. खिडकीपाशी उभी आहे."

"मग माऊसची वायरच काढ."

खुडबूड ऐकू आली.

"काढली बघ. माऊस माझ्या हातात आहे. शेपटी लोंबतेय."

मी बाणाकडे बघत होतो.

बाण हलला...

सावकाश. थोडा थरथरत. मध्येच थांबून, मग पुढे. पुन्हा सातवर.

खोटं कशाला बोलू? ती ओढ मला ओळखीची वाटली होती. पण माझं डोकं फिरलेलं होतं. मला वाटलं, कुणीतरी तिसरा घुसलाय. काकांचा नंबर कुठल्या तरी चोराला मिळालाय आणि तो मरायला टेकलेल्या डिस्कशी खेळतोय. असले प्रकार मी रोज बघतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की तिकडून कुणालाच काही हलवता येत नाही. सगळा ताबा आपला.

मी ते दाबलं.

बाण जागच्या जागी थांबला.

"आता बस बोंबलत!" मी मोठ्यानं म्हणालो. हो, हेच शब्द.

अकरा मिनिटं लागली. शंभर टक्के झाले. पाठोपाठ टकटक थांबली आणि तिकडची स्क्रीन काळी झाली.

"मावशी, मिळालं! सगळं मिळालं!"

ती रडायलाच लागली. म्हणाली, "लाव. आत्ता लाव."

मी फोन स्पीकरजवळ धरला आणि पहिली फाईल लावली.

"काका, माऊसवरचा हात काढा!"

माझा आवाज.

दुसरी लावली. "नाही हो काका, असं नाही! किती वेळा सांगू?"

तिसरी. चौथी. एकूण एक्केचाळीस फाईली. मी फोनवर शिकवायचो ते काका रेकॉर्ड करून ठेवायचे. नंतर ऐकून गिरवायला. आणि मी सांगितलं होतं तसं शहाण्यासारखं त्याच फोल्डरमध्ये टाकायचे. त्यात पलीकडून येणारा आवाजच रेकॉर्ड व्हायचा, म्हणून फक्त माझी बाजू आली होती. मी खेकसायचो... मग शांतता. काका काहीतरी बोलत असतील एवढी शांतता. मग पुन्हा मी.

त्या शांततेत मधूनच 'टिक' असा माझ्याच माऊसचा आवाज यायचा.

मावशीनं सगळ्या ऐकल्या. एकही सोडली नाही.

"तुझाच आवाज आहे रे सगळा," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती डिस्क मी तीन ठिकाणी दाखवली. तिघांनीही हात टेकले. सातमध्ये काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मी कामाचा अहवाल उघडला होता. सॉफ्टवेअर तो आपोआप बनवतं. कधी जोडलं, कधी तोडलं, काय अडवलं, सगळं त्यात असतं.

मी ताबा घेतल्यानंतरची अकरा मिनिटं.

समोरच्या माऊसच्या अडवलेल्या हालचाली... तीनशे बारा.

माऊस मावशीच्या हातात लोंबत होता. आणि तिसरं कुणी जोडलेलं नव्हतं. हेही अहवालात होतं.

तीनशे बारा वेळा, हो.

मावशीला वाटतं, डिस्कनंच सगळं गिळलं. सातबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. धीरच होत नाही. तुम्हाला सांगतोय.

आता कामावर कुणाचाही बाण ओढला गेला तर मी ओरडत नाही. गुपचूप माझा हात काढून घेतो. गिऱ्हाईकं म्हणतात, अहो, तुम्ही करा ना काहीतरी.

परवा माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर बिल लिहीत होतो. कुणाशीही जोडलेलो नव्हतो.

बाण डावीकडे ओढला गेला...

सावकाश. थोडा थरथरत.

मी लगेच हात काढला. तो वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिथे माझ्याकडे कुठलाच फोल्डर नाही.

"काका, दाखवा," मी म्हणालो. "मी काही करत नाही. तुम्हीच उघडा."

तो तिथेच थांबून राहिला. संध्याकाळपर्यंत मी माऊसला हात लावला नाही.