भुऱ्याचा विमा काढावा की नाही?

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा माझा कुत्रा त्याच्या बुटावर ऐसपैस बसला होता आणि तो बिचारा पाय न हलवता उभा होता.

अमरावतीतला जनावरांचा दवाखाना. ऑक्टोबर संपत आला होता, तरी एक चुकार सर पत्र्यावर तडतडत होती. भुऱ्याच्या पंजात बाभळीचा काटा मोडला होता. अंबादेवीच्या रस्त्यावरचं आमचं फुलांचं दुकान आईच्या हवाली करून मी त्याला ऑटोतून आणलं होतं. माझ्या ओढणीला अजून झेंडूचा वास येत होता.

"सरक रे भुऱ्या!" मी दोरी ओढली. भुऱ्या ढिम्म.

"राहू द्या," तो म्हणाला. "त्याले जागा पसंत पडलेली दिसते."

"अन् तुमाले?"

"मले बी..." तो माझ्याकडे पाहून हसला. मग भलतंच बोलून गेलो की काय, अशा चेहऱ्यानं पटकन पावसाकडे पाहायला लागला.

मी एरवी भारी तोंडाळ. हाराच्या भावावरून हुज्जत घालणाऱ्याला मी देवीच्या दारात पाणी पाजते. पण तेव्हा मी नुसती भुऱ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. पुरुषाच्या गालावर खळी असावी की नसावी, याबद्दल माझं तोवर काही मत नव्हतं. त्या दिवशी झालं.

नाव गजेंद्र, राहणार अकोला. बैलांचे, म्हशींचे विमे काढायचा. जनावराच्या तब्येतीच्या दाखल्यावर डॉक्टरची सही लागते, म्हणून अधूनमधून अमरावतीला यायचा. त्याच्या पिशवीतून एक दणकट चिमटा डोकावत होता.

"हे कायचं हत्यार?"

"बैलाच्या कानात बिल्ला ठोकाचं. बिल्ला नसन तं क्लेम नाई."

तेवढ्यात आतून एक बाई आपल्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला कुशीत घेऊन बाहेर आल्या. त्यानं मोजा गिळला होता, ऑपरेशन करावं लागलं होतं. "याच्यापेक्षा माहं सिझेरियन सस्त्यात झालं होतं," बाई बिलाकडे पाहत म्हणाल्या. मी भुऱ्याकडे पाहिलं. भुऱ्या चपला, सुतळी, प्रसादाचे द्रोण... समोर येईल ते गिळतो.

"कुत्र्याचा विमा निघते काय?" मी विचारलं.

"निघते. आमच्या कंपनीनं नवाच काढला." तो जरा थांबला. "माहिती पाठवू? म्हंजे... नंबर दिला तं."

मी नंबर दिला. विम्यासाठीच. आईला मी तसंच सांगितलं, आणि मनातल्या मनात स्वतःलाही बजावलं — प्रणाली, विम्यासाठीच.

मग फोन सुरू झाले. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा यायचे.

"अपघात झाला, ऑपरेशन लागलं, तं खर्च मिळते," तो समजावून सांगायचा. "कोनाले चावला तं त्याची भरपाई बी."

"आमचा भुऱ्या चावत नाई."

"अन् मालकीन?"

"मालकीन चावते."

"त्याचा विमा नाई आमच्याकडे," तो म्हणायचा, आणि पलीकडून तो हसत असल्याचं मला नुसत्या श्वासावरून कळायचं.

खरं सांगायचं तर तो विकणारा असून काही लपवत नसे. लसीचे पैसे मिळत नाहीत, जंताच्या औषधाचे मिळत नाहीत. जुनं दुखणं असेल तर मिळत नाहीत. पॉलिसी घेतल्याघेतल्या आजार निघाला तरी नाहीत. "मंग हप्ता भरून भेटते तरी काय?" मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "बिनघोर झोप." मी विचारलं, "तुमाले लागते काय?" त्यावर तो हळूच म्हणाला, "आजकाल... नाई."

आईला हे सगळं अजब वाटायचं. "कुत्र्याचा इमा? तुह्या बापाचा काढला काय अजून?"

"विचार करून राहिली," मी सांगायचे.

विचार कसला, कप्पाळ! 'हो' म्हटलं तर काम झालं, 'नाही' म्हटलं तर काम संपलं. दोन्हीकडून फोन बंद. म्हणून मी रोज एक नवी शंका काढायचे. भुऱ्या हरवला तर? भुऱ्यानं बकरीला धरलं तर? इतकं डोकं मी बी.कॉम.ला चालवलं असतं तर विद्यापीठात पहिली आले असते. ज्या दुपारी फोन यायचा नाही, त्या दुपारी माझ्या हातून सुई बोटात जायची आणि हार आखूड व्हायचे.

शेवटी तोच म्हणाला, "घरी यावं लागन. वय पाहाचं, फोटो काढाचा. मालकासंग."

आमचं घर भातकुलीच्या शिवारात, फुलांच्या वावरातच. रविवारी तो बसमधून उतरला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आईनं त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि आत जाऊन कढई चढवली.

"आई, पोहे कायले?" मी कुजबुजले. माझे कान तापले होते.

"पाहुना आला तं काय कडबा टाकू?"

अंगणात मी भुऱ्याशेजारी बसले. गजेंद्रनं मोबाइल उचलला. "दोघं बी सामने पाहा... हं. अजून एक. डोये मिटले."

"भुऱ्याचे?"

"नाई... तुमचे."

पुन्हा एक. "आता?" मी विचारलं.

"आता कोनाचेच नाई मिटले." त्यानं मोबाइल खाली घेतला नाही. "तरी बी एक काढतो."

मागे शेवंती नुसती फुलून आली होती. उन्हात त्याचा चेहरा मला धड दिसत नव्हता. तो माझ्याकडे पाहतो आहे एवढं मात्र कळत होतं, आणि ते मला फार आवडत होतं.

मग वयाचा प्रश्न आला. भुऱ्या तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या, गोपालदादाच्या लग्नात वरातीमागून आला आणि मांडवातच राहिला. त्याआधीचं त्याचं कुणाला काय ठाऊक? बाबा पुढं सरसावले. आमचे बाबा, शालिकराम, जन्मभर बाजारात बैल पारखून घेणारे. बैलाला आधी दोन पक्के दात येतात, मग चार, मग सहा. आठ झाले की बैल 'जुळला'. बाबांनी भुऱ्याचा जबडा धरला, ओठ वर केला आणि खालचे दात मोजले.

"सहादाती हाय! अजून जुयाचा हाय. चार वर्साच्या वर एक दिवस नाई. लिहा."

कंपनी सात वर्षांवरचा कुत्रा नव्यानं घेत नव्हती. चार म्हणजे सुटलो! दरवर्षी पॉलिसी नवी करायची, दरवर्षी गजेंद्र येणार, दरवर्षी फोटो... मी बसल्या बसल्या पुढची दहा वर्षं पाहून टाकली.

त्यानं पेन उघडला. भुऱ्याच्या पांढऱ्या झालेल्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मनात म्हणत होते, लिही... लिही ना रे!

"काका," तो म्हणाला, "बैलाले आठ येतात. कुत्र्याले खाली समोर सहाच येतात. पिल्लू असते तवाच. मंग जन्मभर सहाच."

बाबा जबडा धरून तसेच बसले. "म्हंजे हा..."

"नवाचा तरी असन. डोयात झाक आली पाहा. याचा विमा नाई बसत. अन् चार लिहून बसवला, तं तुमाले गरज पडन त्या दिवशी कंपनी वय तपासन अन् हात वर करन. शहरातलं लहान कुत्रं असतं तं मीच म्हटलं असतं, घ्या. याच्यासाठी नका घेऊ. थोडा पैसा महिन्याच्या महिन्याले बाजूले टाका, त्याच्या म्हातारपनी कामी यीन."

बाबांना हे बोलणं फार पसंत पडलं. त्यांनी त्याला आणखी पोहे वाढायला लावले. मला मात्र ते पोहे त्याच्या डोक्यावर ओतावेसे वाटत होते. असा सत्यवादी हरिश्चंद्र माझ्याच वाट्याला यायचा होता!

बसथांब्यापर्यंत मी सोबत गेले. धुळीच्या रस्त्यानं, एकमेकांत हातभर अंतर ठेवून.

"मंग... झालं?" मी म्हणाले.

"झालं."

"आता काई काम नाई."

"नाई." त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "काम तं... नाई."

तो काहीतरी बोलणार होता. मीही बोलणार होते. तेवढ्यात मेली बस वेळेवर आली.

त्यानंतर फोन नाही. मी भुऱ्याच्या नावानं पोस्टात आरडी उघडली, म्हणजे विम्याचा निकाल लागला. माझा लागत नव्हता. 'भुऱ्या बरा आहे' असं मोबाइलवर लिहायचे आणि पुसायचे. त्यानं विचारलंच कुठं होतं? दुपार झाली की हात आपोआप मोबाइलकडे जायचा. कुणी अकोल्याचं गिऱ्हाईक आलं तर मी उगाच दोन फुलं जास्त द्यायचे. मला त्याची आठवण यायची. खूप यायची. त्याच्या हसण्याची, त्या 'आजकाल नाई'ची. थंडी पडली, लग्नसराई आली. दुसऱ्यांच्या वरमाला गुंफताना मला त्या नवरीचा हेवा वाटायचा आणि रडूही यायचं.

एका दुपारी अशीच माळ ओवता ओवता मला माझाच राग आला. मी वाट कसली पाहत होते? भुऱ्या मोजा गिळेल याची?

शुक्रवारी सकाळी बाबा शेवंतीच्या पाट्या भरत होते. मी म्हणाले, "बाबा, मी अकोल्याले चालली."

"काय काम हाय?"

"काम नाई. गजेंद्रले भेटाचं हाय."

बाबांचा हात थांबला. मग ते जे बोलले ते ऐकून मी पळतच बस गाठली.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. दोन्हीकडे कापसाची वावरं पांढरीशुभ्र. अकोल्यात उतरले तेव्हा माझं अवसान निम्मं गळालं होतं. ऑटोवाल्याला मी विम्याच्या माहितीपत्रकावरचा त्याच्या ऑफिसचा पत्ता दाखवला. तो ऑफिसच्या पायरीवर उभा राहून एका माणसाला म्हशीचा क्लेम समजावत होता. मला पाहिलं आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"भुऱ्याले काई झालं काय?" तो धावतच आला.

"भुऱ्या मजेत हाय."

"मंग... विम्याचं काई? काका-काकू बरे हायेत ना? काई काम—"

"काई काम नाई," मी म्हणाले. "म्हनूनच आली."

तो नुसता पाहत राहिला. रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उडाली, तरी पाहतच राहिला. म्हशीवाला माणूस समजूतदार निघाला. तंबाखू मळत दूर जाऊन उभा राहिला.

"मले तुमची आठवन येते," मी म्हणाले. म्हणूनच टाकलं. "लय येते. विमा बसो का न बसो."

"प्रणाली..." पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. दवाखान्यात. त्याचं तोंड पांढरं दिसत होतं. विमा नाई बसनार, मले माहीत होतं."

"मंग दीड महिना फोन काहून केले?"

"तुमी उचलत होत्या म्हनून."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. "मंग त्या दिवशी चार काहून नाई लिहिलं? दरवर्षी आले असते!"

"लबाडी करून तुमच्या घरी येनं... नाई जमलं." तो खाली पाहत होता. "मागून दोनदा निघालो होतो. मूर्तिजापूरपर्यंत आलो, अन् तिथूनच वापस फिरलो. काय सांगितलं असतं, काहून आलो?"

"येडे बह्याड हायेत तुमी."

"हाय," तो म्हणाला. गालावरची खळी आता कुठं परत आली होती. "घरी काय सांगून आल्या?"

"हेच. काम नाई, तुमाले भेटाचं हाय."

तो मटकन पायरीवर बसला. "काकाले? अन् ते काय म्हनले?"

"म्हनले, रविवारी जेवाले घेऊन ये त्याले."

संध्याकाळी तो मला स्टँडवर सोडायला आला. अमरावतीची बस लागलीच होती. मी चढले, खिडकीशी बसले, हात हलवायला वळले तर तो खाली नव्हता. तो शेजारच्या सीटवर बसत होता.

"आज शुक्रवार हाय," मी म्हणाले.

"माहीत हाय. मूर्तिजापूरपर्यंत येतो."

कंडक्टर आला. गजेंद्रनं पैसे काढले, तिकिटं घेतली आणि खिशात घातली. त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता, मग हातात होता. बाहेर अंधारून येत होतं. मूर्तिजापूर आलं, चहावाले ओरडले, माणसं उतरली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर पाहत होता.

बस सुटली. तो उतरला नाही.