चार तारांची साक्ष

पेटीवाले दार न वाजवताच आत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, मला चोर ठरवलंय."

ताईनं विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे चोवीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर घरच्याच पुढच्या खोलीत तिनं तपासाचं काम सुरू केलं. पेटीवाल्यांची एक पेटी तिनं पूर्वी भलत्याच देशातून शोधून आणली होती, तेव्हापासूनची ओळख. शेजारी बसलेले मास्तर हे तिचे धाकटे भाऊ, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नोंदी घेणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही त्यांची दोन कामं. दुसरं ते जास्त मन लावून करत.

पेटीवाल्यांनी सांगितलं ते असं. नाजूक वाद्यं विमानानं न्यायची तर त्यांच्या पेट्या ते बनवत. एका वयस्कर चेलोवादक बाईंचा आज संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम होता. एरवी बाई चेलोसाठी, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या त्या मोठ्या व्हायोलिनसाठी, शेजारच्या सीटचं वेगळं तिकीट काढत. या वेळी विमान लहान, सीट मिळेना. म्हणून चेलो पहिल्यांदाच विमानाच्या पोटातून आला, तोही पेटीवाल्यांच्या पेटीत. जिवाला घोर नको म्हणून ते स्वतःही त्याच विमानानं आले. दुपारी सभागृहात पेटी उघडली, बाईंनी गज फिरवला आणि म्हणाल्या, हा माझा चेलो नाही.

"किल्ल्या दोनच. एक बाईंकडे, एक माझ्याकडे. कुलूप शाबूत. मग बदलला कुणी? तर ज्यानं भरला त्यानं. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी माझी किल्ली काढून घेतली. पाचपर्यंत चेलो मिळाला नाही तर पोलिसांना बोलावणार आहेत." पेटीवाले आता कुठे खुर्चीवर टेकले. "तीस वर्षं लोकांनी डोळे मिटून वाद्यं माझ्या हवाली केली, ताई. उद्यापासून कुणी साधी शिट्टीसुद्धा देणार नाही."

घड्याळात सव्वातीन झाले होते. चेलो भरला कसा, ते ताईनं विचारलं.

"बाईंच्या घरी, त्यांच्या देखत. आधी चारही तारा उतरवल्या, म्हणजे ढिल्या केल्या. विमानाच्या पोटातल्या थंडीनं लाकूड आखडतं, तारा ताठ ठेवल्या तर मान तडकायची. पार मोकळ्याही सोडायच्या नाहीत, नाहीतर तारांना उचलून धरणारी घोडी पडते. मग मानेखाली उशी, दोन्ही कुशींना फोम आणि कुलूप."

सभागृहाकडे जायला पेटीवाले उठून दोन पावलं पुढे गेल्यावर मास्तर ताईच्या कानाशी कुजबुजले, "यानंच केलंय. मी चोर नाही म्हणत स्वतःच धावत आला."

"मास्तर, चपला घाल," ताई म्हणाली.

सभागृह दोन गल्ल्यांपलीकडे होतं. बाई रंगमंचामागच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. बोटं संधिवातानं वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मघापासून जो तो आपल्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतोय, याचा त्यांना मनस्वी राग आला होता.

पेटी त्यांनीच, स्वतःच्या किल्लीनं, सर्वांसमोर उघडली होती. "चेलो गुडघ्यांत धरला आणि लगेच एकेक तार वाजवली. चारही सूर जिथल्या तिथे होते. पण आवाज परका. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचा आवाज मी ओळखणार नाही?"

मधे कुणी हात लावला का, असं ताईनं विचारलं. कुणीच नाही, व्यवस्थापक आणि पेटीवाले शेजारी उभे होते, साथीला आलेला त्यांचा शिष्य पलीकडे. दिसायला काही फरक? बाई खिन्न हसल्या. त्यांच्या सगळ्या शिष्यांचे चेलो त्याच कारागिराच्या हातचे, त्याच रंगाचे होते. या डोळ्यांना काय कळणार?

पेटी आली तेव्हा त्या इथेच पडल्या होत्या. अर्धा तास डोळा लागला, शिष्य उशाशी होता, किल्ली पर्समध्ये होती. आणि आजच्या कार्यक्रमानंतर चेलो संगीतशाळेला द्यायचं त्यांनी कालच जाहीर केलं होतं.

सामानाच्या खोलीच्या दाराशी रखवालदार एका खुर्चीचा पाय ठोकत बसला होता. पेटी एक वाजता आली, म्हणाला. पेटीवाले ती आत ठेवून जेवायला गेले. मग व्यवस्थापक येऊन दोन स्टँड घेऊन गेले. नंतर शिष्य आला, कोपऱ्यातल्या आपल्या पेटीच्या खिशातून गजाला लावायची राळ घेऊन गेला. पाच-सात मिनिटं आत होता.

"चेलोएवढी वस्तू कुणी बाहेर नेली?"

"माझ्या नाकासमोरून? नाव नको. खिडकीलाही गज आहेत."

"आत कुणी काही वाजवलं?"

"चिडीचूप होतं सगळं."

शिष्य चाळिशीचा, अदबीनं बोलणारा होता. दोन दिवस आधी तो आगगाडीनं आला होता, स्वतःचा चेलो घेऊन, कारण आज त्याचीही साथ होती. बारापर्यंत त्यानं सराव केला, चेलो पेटीत ठेवला आणि पुन्हा उघडला नाही. बाईंची बोटं खुंट्यांवर फिरत नाहीत, म्हणून पंधरा वर्षं त्यांचा चेलो तोच सुरात लावून देत असे. आज मात्र त्यानं हातही लावला नव्हता. शेवटी तो हळूच म्हणाला, "ताई, बाईंचं वय झालंय. त्यांना भास होत असेल."

मास्तरांना त्याचं बोलणं पटलं. एकतर बाईंना भास झाला, नाहीतर पेटीवाल्यांनी निघायच्या आधीच बदलाबदली केली. सामानाच्या खोलीतून चेलो बाहेर गेलाच नाही, म्हणजे तिथे काही घडलंच नाही. मास्तरांनी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

साडेचारला ताईनं सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. दोन्ही पेट्या तिथे आणवल्या.

"बाईंना भास झालेला नाही," ती म्हणाली. "आणि पेटीवाल्यांनी चोरी केलेली नाही. हे त्या चार तारांनीच सांगितलंय. बाई, तुम्ही पेटी उघडलीत आणि लगेच वाजवलंत. सूर कसे होते?"

"जिथल्या तिथे."

"पेटीवाल्यांनी तर तुमच्या देखत तारा उतरवल्या होत्या."

पेटीवाल्यांनी कपाळावर हात मारला. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कामातला पुरावाही दिसत नाही.

ताई पुढे म्हणाली, "समजा, यांनी नंतर चेलो बदलला आणि सुरात लावलेला आत ठेवला. तरी विमानाच्या पोटातल्या थंडीत काही तास काढल्यावर त्याचे सूर टिकतील? म्हणजे बाईंच्या हातात आला तो चेलो विमानात बसलेलाच नाही. बदल इथेच झाला. खोलीत कुणी तार छेडली नाही, म्हणजे तो आधीच सुरात होता. सकाळी कुणीतरी वाजवून ठेवलेला."

शिष्याची नजर खाली गेली.

"बाईंचा डोळा लागल्यावर पर्समधली किल्ली घेणं सोपं होतं. नेहमीच्या जागी परत ठेवणंही. चेलो खोलीबाहेर न्यायची गरजच नव्हती, तिथे दोन पेट्या होत्या. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. फक्त एक चूक झाली. पंधरा वर्षं यांनी बाईंच्या हातात सुरात लागलेलाच चेलो दिला. उतरलेला द्यायचं यांच्या हातांना सुचलंच नाही. बाईंनाही खटकलं नाही, त्यांना नेहमी तसाच मिळे." तिनं व्यवस्थापकांकडे पाहिलं. "हे बारापर्यंत सराव करत होते म्हणतात. मग यांचा चेलो सुरात हवा. उघडा ती पेटी."

व्यवस्थापकांनी झाकण उचललं. ताईनं मास्तरांना तार छेडायला सांगितलं. मास्तरांनी बोट लावलं, तर मऊ, लोंबता आवाज आला. दुसरी तशीच, तिसरी तशीच, चौथीही.

बाई उठून आल्या. त्यांनी वाकडी बोटं लाकडावरून फिरवली, कान टेकवला आणि पाठीवर टिचकी मारली. "हाच," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. पेटीवाल्यांच्या जिवात जीव आला.

"तो मला मिळेल असं वाटत होतं," शिष्य म्हणाला. "पंधरा वर्षं वाटत होतं. काल तुम्ही शाळेचं नाव घेतलंत."

"मागितला असतास तर मी विचार केला असता," बाई म्हणाल्या. "आणि मला वेडी ठरवायला निघालास, ते जास्त लागलं. पोलीस नकोत. पण उद्यापासून तू माझा कुणी नाहीस. आता बस आणि याला सुरात लाव. माझी बोटं चालत नाहीत, आणि लोक सहाला येणार."

तो बसला. चारही तारा त्यानं अचूक लावल्या. मग चेलो बाईंना देऊन, आपली पेटी न घेताच निघून गेला.

सभागृह त्या संध्याकाळी गच्च भरलं होतं. पेटीवाल्यांना पहिल्या रांगेत मधली खुर्ची मिळाली. बाईंनी शेवटचा सूर असा लांबवला की मास्तर वही खाली पडली तरी उचलायचं विसरले. लोक उभे राहिले. बाईंनी टाळ्या हातानं थांबवल्या, पेटीवाल्यांना वर बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "याला विमानातून एक ओरखडाही न पडता आणला तो यांनी." मग व्यवस्थापकांकडून पेटीवाल्यांची किल्ली मागून घेतली, तिच्यावर आपलीही ठेवली आणि दोन्ही त्यांच्या हातात दिल्या.

बाहेर पडताना व्यवस्थापक घसा खाकरत पेटीवाल्यांपाशी आले. त्यांच्या मुलीला परदेशी शिकायला जायचं होतं, बासरी घेऊन. तिच्यासाठी एक पेटी कराल का?

पेटीवाल्यांनी ताईकडे पाहिलं.

"करा," ताई म्हणाली. "शिट्टीपासूनच सुरुवात झाली म्हणायची."