नायिकेला राग येत नाही

अमरावतीत संध्याकाळी गिला वड्याच्या गाडीपाशी जी गर्दी होते, तिला रांग म्हणणं म्हणजे रांगेचा अपमान. तरी दीपमाला शहाण्यासारखी थांबली होती, आणि एक गृहस्थ खुशाल तिच्या पुढून हात घालून प्लेट उचलत होते.

"ओ काका, मी काय इथं शोभेसाठी उभी आहो? ठेवा ते प्लेट खाली."

काकांनी प्लेट ठेवली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. आता याचीही बिनपाण्यानं करावी म्हणून दीपमाला वळली… आणि गळ्यात हेडफोन अडकवलेला एक सडपातळ मुलगा तिच्याकडे असा बघत होता, जणू परगावात घरचं माणूस भेटलं.

"तुमी दीपमाला ना? मी ललित, अकोल्याचा. तुमचं रेकॉर्डिंग माह्याकडंच येते."

झालं. दीपमालानं केस कानामागं सारले, घसा हलकेच साफ केला आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाली, "अय्या, तुम्ही होय? किती छान वाटलं भेटून."

ललितचा चेहरा जरासा उतरला. तिला वाटलं, लाजला.

दीपमाला मूळची दर्यापूरची. सकाळी शाळेत शिकवायची आणि दुपारी राजापेठेतल्या एका खोलीत बसून मोबाईलवर ऐकायच्या प्रेमकथा वाचायची. कथा पुण्याहून यायच्या, सूचनाही तिथूनच. बायका तीनच प्रकारच्या : नायिका मऊ, सासू रडवेली, आणि वाईट बाई जाड आवाजाची. नायकानं वाटेल तेवढं गरजावं, तो रुबाब. नायिका मात्र चिडली तरी कानाला गोड लागली पाहिजे, असं पुण्याच्या बाई बजावायच्या. दीपमाला तो आवाज असा काढायची, की ऐकणारे वेडे व्हायचे.

पण वाचता वाचता तिचं डोकं फिरायचं. मग ती मधेच थांबून नायिकेलाच झापायची, "अवं, त्यानं मारलं आन् तूच माफी कावून मागून राहिली? ताट घाल त्याच्या डोक्यात." एवढं बोलून, पाणी पिऊन, पुन्हा गोड आवाजात वाक्य पहिल्यापासून. ते मधलं सगळं कापून टाकणं हे ललितचं काम. अकोल्यात जठारपेठेतल्या खोलीत तो ते कापायच्या आधी ऐकायचा, आणि एकटाच हसत बसायचा. त्याचा जीव जडला होता तो ह्या कापायच्या तुकड्यांतल्या बाईवर.

"तुमचा आवाज मले लई आवडते," गाडीपाशी तो म्हणाला होता. कोणता, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सगळ्यांना जो आवडायचा, तोच.

फोन सुरू झाले. काही ना काही निमित्त काढून तो अमरावतीला येऊ लागला. एकदा छत्री तलावावर भेटायचं ठरलं आणि तो मुद्दाम उशिरा आला. भुरभुर पाऊस होता. दीपमालाला डासांनी फोडून काढलं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते.

"लई वाट पाहा लागली?"

"नाही हो… तलाव बघत होते. वेळ कसा गेला, कळलंच नाही."

"राग नाई आला?"

"तुमच्यावर?" तिनं पापण्या खाली घातल्या.

"थोडासा येऊ द्या ना… मी काई मरत नाई."

ती हसली. ते हसूही बेतानंच. त्यानं छत्री तिच्यावर धरली, आणि त्याचा एक खांदा पार भिजून गेला. तिनं ओढणीनं तो हळूच टिपला.

तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. शाळा सुटल्यावर 'जेवल्या काय' म्हणून येणारा त्याचा फोन, भज्याच्या प्लेटमधली मिरची आधी आपल्याकडे ओढून घेणं, सगळं तिला हवं होतं, जन्मभर हवं होतं. आणि हवं होतं म्हणूनच भीती होती. राग दाखवला आणि तो निघून गेला तर? शिवाय नायिका लग्नाचं आपणहून विचारत नाही. म्हणून तो विचारेल याची ती वाट बघत राहिली, आणि तिच्यातली ती दुसरी, झापणारी बाई कधीतरी बाहेर येईल याची तो. असं करत वर्ष सरलं.

मग त्यानं तिला अकोल्याला बोलावलं. आज विचारणार, असं म्हणत ती पिवळा ड्रेस घालून गेली. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा आला, आणि कपाकडे बघत तो म्हणाला, "माहं साक्षगंध झालं, अंगठ्याही घातल्या. पातूरची आहे, गीतांजली. नर्स आहे. पाहाले गेलो त मलेच विचारे, भांडे घासता येते काय."

दीपमालाच्या ओठांवर वाक्य तयार होतं : तुम्ही सुखी राहा. कितीदा वाचलेलं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"मंग मले कावून बोलावलं? चहा पाजाले?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. ललितनं मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते.

"हाच… हाच आवाज. याचीच वाट पाहून राहिलो होतो मी."

मग त्यानं सगळं सांगितलं. कापायचे तुकडे, एकट्यानं हसणं, तलावावरचा मुद्दाम केलेला उशीर.

"हे आधी सांगितलं कावून नाई?"

"सांगितलं असतं, त तुमी तेही करून दाखवलं असतं. मले खरं पाहिजे होतं."

हे खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"आन् तुमी काय केलं?" ती म्हणाली. "कानाले हेडफोन लावून एक भांडकुदळ बाई बनवली डोक्यात. मी रोज नाई भांडत, ललित. दमते. उगाच रडते. कधी खरंच समजून घेते, ते नाटक नसते. त्या दिवशी तलावावर मले राग आला होता, आन् तुमी आले म्हणून जीवही भांड्यात पडला होता. दोनी खरंच होतं."

मोडा ते साक्षगंध, असं म्हणावं, हे तिच्या मनात आलं. अगदी ओठांवर आलं. पण पातुरात एक मुलगी बोटातली अंगठी बघत बसली असेल, आणि तिनं तर मनातलं सरळ विचारलं होतं, तसं दीपमालाला वर्षभरात काहीच विचारता आलं नव्हतं.

"मले तुमी आवडता," ती उठत म्हणाली. "आजही. मी काई त्याग-बिग नाई करून राहिली. मले राग आला आहे आन् लई वाईट वाटून राहिलं. एवढं ऐकून ठेवा."

अमरावतीची गाडी लागली होती. ती चढली, खिडकीपाशी बसली. ललित खाली येऊन उभा राहिला. गर्दी, हॉर्न, कंडक्टरची घंटी… त्याचे ओठ हलले. तिनं काच सरकवली.

"काय म्हनता? मोठ्यानं बोला."

भोवतालची चार माणसं बघू लागली. ललितनं तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला… आणि नुसताच हात हलवला. गाडी सुटली, मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली, तरी दीपमालानं काच लावली नाही.