आवाज थोडा वर चढवू?

माझं बोलायचं यंत्र पापलेटच्या टोपलीत, बर्फाच्या पाण्यात पडलं... आणि म्हणून मला एकनाथ भेटला.

१९९१ साल होतं. गळ्यातली गाठ काढताना डॉक्टरांना माझं स्वरयंत्रच काढावं लागलं होतं. तेव्हापासून हातातल्या बॅटरीएवढं ते यंत्र गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं नि ओठ हलवायचे, की शब्द उमटत. पण कसे? जाड्याभरड्या पुरुषी आवाजात! चिंचणीच्या बाजारात मी मासे विकायला बसायचे, तिथं गिऱ्हाइकं तोंड दाबून हसत. मी बोलणंच सोडत चालले होते.

बोईसरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आईनं यंत्र पुढं ठेवलं. एकनाथनं ते उघडलं, पुसलं, सुकवलं आणि चक्क स्वतःच्याच गळ्याला लावलं. "हॅलो... हॅलो... बोईसर टेसन!"

मला हसू फुटलं. बिनआवाजाचं हसू — पण तो बघतच राहिला.

"हा तर माज्या काकाचा आवाज! तुमाला शोभत नाय. थोडा वर चढवू?"

मी मान हलवली. त्यानं आतला बारीक स्क्रू फिरवला. मी बोलले, तर डास गुणगुणल्यासारखं! मग त्यानं आवाज उतरवला, डोळे मिटून ऐकला, पुन्हा चढवला...

"कुणाचा आवाज शोधताय?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "तुमचाच. आजाराआधी तुमी बाजारात हाका मारायच्या ना... 'या दादा, ताजं पापलेट!' मी रोज यायचो, गर्दीत मागं उभा ऱ्हायचो. फक्त ते 'दादा' तेवढं आवडत नव्हतं."

मी यंत्र छातीशी धरलं. आईनं घाईघाईनं पिशवी उचलली.

रविवारी तो बाजारात हजर! मी हाक मारली. आवाज अगदी पहिल्यासारखा नव्हता, पण बाईचा होता, माझा होता. कुणी हसलं नाही. एकनाथनं पापलेट उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"ते... म्हणजे... मी..."

"तुमचा गळा तर धड हाय ना? मग बोला की!"

त्यानं श्वास घेतला. "प्रेमला, माज्याशी लगीन करशील?"

"हो," मी लाजून खाली मान घालून म्हणाले. तो गप्प. "हो, हो!" तरी गप्पच. वर पाहिलं, तर त्याचा चेहरा पार पडलेला... अगं बाई! माझा अंगठा बटणावर नव्हताच!

मी यंत्र गळ्याला टेकवून बटण घट्ट दाबलं. "हो म्हणते ना मी!"

अख्ख्या बाजारात घुमलं. शेजारी मासे कापणारी रंभाबाई हात थांबवून ओरडली, "ऐकलं गं बाय, सगल्यांनी ऐकलं!"

एकनाथ जवळ सरकला. हळूच म्हणाला, "मला नीट ऐकू नाय आलं... पुन्यांदा बोल ना."