तापलेली डिस्क आणि मासेवाला

दुकानात तळहाताएवढा पंखा एकच उरला होता, आणि त्याच्या खोक्यावर दोन हात एकदमच पडले.

“माझ्या माशांचं पाणी तापतंय,” तो म्हणाला.

“माझ्या बाबांचा आवाज तापतोय,” ती म्हणाली आणि स्वतःच गोंधळली. “म्हणजे... हार्ड डिस्कवर आहे तो.”

त्याने हात काढून घेतला. ऑफिसांमध्ये काचेचे फिशटँक बसवून देणं हा त्याचा धंदा. तिचे बाबा रेडिओवर गोष्टी सांगायचे. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. त्यांची सगळी रेकॉर्डिंग्ज घरच्या सर्व्हरच्या दोन डिस्कवर होती — एकीवर जे, तेच दुसरीवर. सकाळी एक बंद पडली. उरलेलीवरून नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं, तर तीही तापू लागली.

“सर्व्हर आहे कुठे?”

“कपाटात. घरघरतो, म्हणून दार लावून.”

“मग पंखा तीच गरम हवा आत फिरवत बसेल. हवेला वाट लागते.”

“वाट माझी लागलीये.”

त्याला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते त्याने आवरलं. “मी येऊ का... चालेल?”

घरी बाबा कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. स्क्रीनवर डिस्कच्या तापमानाचा आकडा होता एकसष्ट. तिने धावत जाऊन फ्रीजमधला बर्फ आणला.

“बर्फ नको, दमट होईल,” तो म्हणाला. “आणि चालू डिस्क हलवू नका.”

त्याने कपाटाची मागची फळी उघडली, पंखा गरम हवा बाहेर ओढेल असा बसवला, आणि इकडच्या तिकडच्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या, म्हणजे हवा डिस्कला घासूनच जाईल. पुठ्ठा धरताना तिची बोटं त्याच्या बोटांखाली आली. दोघांनीही ती हलवली नाहीत.

“पुठ्ठा पडेल,” तो म्हणाला.

“हो... पुठ्ठ्यासाठीच.”

आकडा बासष्ट झाला. डिस्कमधून टक् असा आवाज आला, तशी ती स्क्रीनकडे वळली.

“थांबवू का?”

“थांबवली आणि परत चालूच झाली नाही तर? वेग कमी करा. आणि सगळ्यात आधी काय हवंय ते ठरवा.”

तिने रेडिओच्या गाजलेल्या कार्यक्रमांकडे बोट नेलं. बाबांनी तिचा हात धरला आणि मोबाइलवर टाइप केलं: ‘आधी घरातलं.’

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “टँकचं झाकण काढा, दिवा बंद करा,” त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं. “मला इथून हलता येणार नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली.

आकडा तिथेच अडून बसला. मग एकसष्ट. साठ. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं, तेव्हा आकडा पन्नासच्या खाली उतरला होता आणि घरातलं सगळं नव्या डिस्कवर आलं होतं. कार्यक्रम मागून सावकाश येत होते. दोन मात्र वाचलेच नाहीत. बाबांनी हात हलवला — जाऊ दे.

तिने एक फाइल लावली. तरुण बाबा तिला झोपवायला गोष्ट सांगत होते, आणि छोटी ती मधेमधे भांडत होती. खुर्चीतल्या बाबांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. आवाज मात्र समोरून येत होता. तिने तोंड फिरवलं, तर तोही डोळे पुसत होता.

टँकचं पाणी निवल्याचा फोन आला, तसा तो निघाला. ती दारापर्यंत गेली.

“उद्या येणार?”

“डिस्क बघायला?”

“डिस्क बरी आहे आता.”

“मग?”

ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. “दुपारभर पुठ्ठा धरून बसलास... मला तो खाली ठेवावासाच वाटत नव्हता. म्हणून ये.”

आपण ‘बसलास’ म्हणालो हे तिच्या लक्षात नंतर आलं. त्याच्या लक्षात आधीच आलं होतं. त्याने पायात घातलेली चप्पल काढली.

“उद्या कशाला?” तो म्हणाला.