नेवाळगडाची दिंडी

ज्या वर्षी शाळांतून इतिहासाची परीक्षा बंद झाली, त्या वर्षी कुणालाच वाईट वाटलं नाही. परीक्षा घ्यायची तरी कशाची? सगळ्यांना सगळं आठवतच होतं. कोणत्या लढाईत कोण कुठे पडला ते भाजीवालीला विचारा, डोळ्यांत पाणी आणून सांगायची! ही सगळी करामत स्मरणगीतांची. ऐतिहासिक सिनेमा यायच्या महिनाभर आधी त्याचं मुख्य गाणं यायचं. तीन मिनिटांचं, नाचता येईल असं, पोरासोरांच्या तोंडी बसणारं. सात वेळा ऐकलं की गाण्यातला प्रसंग आपण पाहिलेला वाटायचा. ऐकलेला नव्हे, पाहिलेला. मग सिनेमाला ही गर्दी! स्वतःचीच आठवण पडद्यावर बघायला कुणाला आवडणार नाही?

‘नेवाळगड’ सिनेमाचं गाणं स्वरांगी दिंडेला मिळालं, तेव्हा ती आनंदाने वेडी व्हायची तेवढी बाकी होती. गडाच्या पायथ्याचंच तिचं गाव. वेढ्यात शत्रू तट चढून आत शिरला तेव्हा तिच्या मूळपुरुषाने, रायाजीने, गडाची दिंडी उघडली. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळीतलं, वाकून जायचं छोटं दार. त्यातून त्याने बायकापोरं बाहेर काढली, दिंडी आतून लावून घेतली आणि तिला पाठ लावून लढता लढता मेला. म्हणून घराण्याचं नाव दिंडे. जत्रेतला पहिला नारळ दिंड्यांचा. तो मान आता तिच्या वडिलांकडे, अप्पांकडे होता.

गाणाऱ्यावरच गाण्याचा परिणाम होऊ नये म्हणून स्मरणगीतं तुकड्यातुकड्यांनी, एकेक शब्द उलटसुलट क्रमाने गाऊन घेत. पुढे पंधरा दिवस गायिकेने पूर्ण गाणं ऐकायचं नाही, असा नियम. स्वरांगीला एवढंच ठाऊक, की गाण्यात रायाजीचं नाव आहे. तयार गाणं हाती येताच तिने न ऐकता ते अप्पांना पाठवून दिलं. "अप्पा, आपल्या रायाजीचं नाव आलंय! सगळ्या गावाला ऐकवा." हौस हो, दुसरं काय!

अप्पांनी देवळाच्या भोंग्यावर लावलं. पहिल्या दिवशी त्यांचे तीन फोन आले. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिने केले, तर उचलेनात. तिसऱ्या दिवशी तिने नियम धाब्यावर बसवला आणि गाणं ऐकलं.

‘रायाजीनं दार उघडलं गं, गड आमुचा बुडाला...’

ती तडक डॉ. अरुंधती गुर्जरांकडे गेली. स्मरणगीताची लय शोधून काढणाऱ्या मेंदूतज्ज्ञ त्या याच.

"मॅडम, दिंडी कुठे गेली?"

"गीतकार म्हणाले, दिंडी म्हटलं की लोकांना टाळ-मृदंग आठवतात. म्हणून दार केलं. आणि दार उघडल्यावर गड पडणारच, म्हणून पुढची ओळ तशी आली."

"तशी आली? अहो, तो बायकापोरांसाठी मेला आणि तुम्ही त्याला फितूर केलंत!"

बाईंचा चेहरा उतरला. त्या काही वाईट नव्हत्या, पण असली चूक लय मोजणाऱ्या त्यांच्या यंत्रात दिसण्यासारखी नव्हती.

"आमच्या गावाला तरी खरं माहीत आहे," स्वरांगी म्हणाली.

"तिथेच तर भीती आहे. आठवण म्हणजे मातीचा गोळा. वर काढला की ओला होतो, आणि परत ठेवताना ज्याचा हात लागेल त्याचा ठसा घेऊन सुकतो. आमची लय तो ओला करते, शब्द ठसा उमटवतात. ज्याच्याकडे मुळात आठवणच नाही, त्याला सात वेळा लागतात. ज्याच्याकडे ती आहे, त्याला तीन पुरतात. तू किती वेळा ऐकलंस?"

"एकदाच."

"मग आत्ताच्या आत्ता खरी ओळ गाऊन दे. शुक्रवारी गाणं बाहेर पडेल, त्याआधी मी बदलते. पण तुकडे जोडत बसायला वेळ नाही, ओळ सलग गावी लागेल; आणि सलग गाताना गाणारीला ते मनापासून आठवत असावं लागतं. नाहीतर आवाज खोटा पडतो, लय धरत नाही."

"गाते की! पण आधी अप्पांना बघून येते. फोन उचलत नाहीयेत ते. उद्या गाते."

"स्वरांगी, आज गा."

"बाप आहे तो माझा, मॅडम."

कानांत कापसाचे बोळे कोंबून ती गावात शिरली. भोंगा बंद होता. दारावरची ‘दिंडे’ पाटी कुणीतरी उपटून काढली होती. कुणीतरी कशाला, पाटी आणि हातोडी घेऊन अप्पाच ओट्यावर बसले होते. त्यांचे ओठ हलताना दिसले, म्हणून तिने बोळे काढले.

"नारळाचा मान परत केला म्या," ते म्हणाले. "कंच्या तोंडानं फोडू?"

"अप्पा, ती दिंडी होती! तुम्हीच मला शंभरदा सांगितलंत."

"दिंडी न्हाय पोरी. थोरलं दार. अडसर काढताना मशालीच्या उजेडात त्वांड दिसलं त्याचं. म्या बघितलंय."

"अप्पा, आठवा की नीट!"

आणि ते आठवू लागले. आठवता आठवता हुंदका फुटला आणि त्या हुंदक्यातच ते गाऊ लागले, फाटक्या आवाजात, सगळं गाणं. संपलं तसं पुन्हा पहिल्यापासून. आवाजात खोटं असं तसूभरही नव्हतं. स्वरांगीचे हात कानांकडे गेले होते. पण सत्तरीचा बाप समोर ढसाढसा रडत असताना लेकीने कान झाकून बसायचं? तिने त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉ. गुर्जर काचेपलीकडे वाट बघत होत्या. माइक सुरू होता.

"हं, गा. रायाजीनं दिंडी उघडली..."

ओळ आठवायला स्वरांगीने डोळे मिटले. तिला मशाली दिसत होत्या. अडसराचा करकर आवाज ऐकू येत होता.

"मॅडम, ओळ बदलू नका. बरोबर आहे ती."

"अगं, कालच तर तू..."

"काल मी खोटं बोलले. घराण्याची लाज झाकायला पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हेच सांगत आलोय." तिने डोळे पुसले. "फक्त एक करा. गाण्यावर माझं आडनाव घालू नका."